तेविसावी तळटीप

आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाचा विभाग होता, म्हणजे एक खुर्ची होती. ती क्रीडा साहित्याच्या खोलीत, व्हॉलीबॉलच्या जाळ्या आणि गोळाफेकीचे गोळे यांच्या मधोमध ठेवलेली असे. खुर्चीवर तो बसे. दारावर 'तत्त्वज्ञान विभाग' असं त्याने खडूने लिहिलं होतं. क्रीडाशिक्षक ते दर सोमवारी पुसत, कारण खोली त्यांच्या नावावर होती. मंगळवारी ते पुन्हा दिसे. हा वाद माझ्या माहितीत अकरा वर्षं चालला आणि दोघांपैकी कोणीही त्याबद्दल तोंड उघडलं नाही.

तो घड्याळी तासिकेवर होता. हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: शिकवील तेवढ्या तासांपुरता प्राध्यापक. घंटा वाजली की प्राध्यापक, पुन्हा वाजली की वाटसरू. स्टाफरूममध्ये कायम असलेल्यांना अहो-जाहो आणि तासिकेवाल्यांना अरे-तुरे अशी रीत होती. ती कोणी घालून दिली नव्हती, त्यामुळे मोडायची तर कोणाची परवानगी घ्यायची हेही कोणाला माहीत नव्हतं. मी मराठीचा, कायम, शिवाय वयाने मोठा. मीही त्याला अरे म्हणत असे. आता निवृत्त झालो, तरी लिहिताना सवय सुटत नाही, हे दिसतंच आहे.

त्याचा एक प्रश्न होता आणि तो तो सगळ्यांना विचारायचा. "तुमाले कोनं सांगतलं?"

एका सभेत प्राचार्य म्हणाले, "आपलं महाविद्यालय जिल्ह्यातल्या अग्रगण्य महाविद्यालयांपैकी एक मानलं जातं." मागून हा म्हणाला, "सर, तुमाले कोनं सांगतलं?"

"म्हणजे?"

"नाही, मी भांडून नाही राह्यलो. कोनं सांगतलं तेवढं लेहून घेतो." आणि त्याने खिशातून छोटी वही काढली.

प्राचार्यांनी विचार केला. "संस्थेच्या अध्यक्षांनी."

"आन् अध्यक्षसायबाले?"

प्राचार्यांनी आणखी विचार केला. ते मुळात प्रामाणिक गृहस्थ होते. "मीच," ते म्हणाले. त्याने ते वहीत लिहून घेतलं, वही मिटली, "धन्यवाद सर" म्हणाला आणि चहा प्यायला. अपमान करायचा म्हणून तो विचारत नसे. त्याला खरंच हवं असे ते. नेमकं हेच लोकांना जास्त लागायचं.

पहिल्या वर्षाच्या मुलांना तो पुस्तक उघडूच देत नसे. एकेक कोरा कागद द्यायचा. 'मला खात्रीने माहीत असलेल्या दहा गोष्टी' डाव्या बाजूला, 'कोणी सांगितलं' उजव्या बाजूला. ही मुलं तत्त्वज्ञानाकडे सहसा भूगोलाच्या जागा भरल्या म्हणून आलेली असत. अनसिंगच्या एका मुलीने पहिलीच गोष्ट लिहिली, 'माझी जन्मतारीख', आणि उजवीकडे, 'शाळेचे मुख्याध्यापक'. वर्ग हसला. याने विचारलं, "आन् आईनं काय सांगतलं?" ती म्हणाली, "आई म्हनते, तीळ कापून राह्यलो होतो तवा झाली तू." "मंग तू कोनाचं धरतं?" मुलगी म्हणाली, "फॉर्मवर मुख्याध्यापकाचं, सर. घरी आईचं." तो इतका खूश झाला की तास सोडून माझ्याकडे सांगायला आला. तास सोडला म्हणून त्याचा तो तास कापला गेला.

त्याचं म्हणणं असं होतं, आणि त्यात चूक काढायला मला कधी जमलं नाही, की आपल्याला जे माहीत असतं त्यातलं जवळजवळ सगळं कोणीतरी सांगितलेलं असतं. पृथ्वी गोल आहे हे आपण पाहायला गेलेलो नाही. आपल्या जुन्या शास्त्रांत याला शब्दप्रमाण म्हणतात, आणि ज्याचं बोलणं धरावं त्याला आप्त. शास्त्रकार इथपर्यंत येऊन थांबतात, याचं त्याला दुःख होतं. कारण खरी मारामारी इथून पुढे आहे: आप्त कोणाला मानायचं हे ठरवतं कोण? "सर, खुर्ची असली का मानूस आप्त होते," तो म्हणे, "आन् खुर्ची देनारे म्हनतेत, आधी आप्त होऊन दाखव."

एकदा आमच्याकडे राष्ट्रीय चर्चासत्र झालं. राष्ट्रीय म्हणजे एक पाहुणा रायपूरहून आला होता. विषय होता 'परिघावरचे ज्ञान'. महानगरातून आलेले मुख्य वक्ते, ज्यांचा चेहरा बारा फुटी फ्लेक्सवर होता, दोन तास बोलले. केंद्रातले लोक परिघातल्यांना बोलूच देत नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. तो त्यांनी इतक्या विस्ताराने मांडला की प्रश्नांना वेळ उरला नाही.

याच्याकडे त्या दिवशी पार्किंगची ड्यूटी होती. त्याचा निबंध जेवणानंतरच्या समांतर सत्रात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ठेवला होता. ऐकायला चौघे होते, त्यातले दोघे प्रमाणपत्र मिळेपर्यंत बसलेले. बाकी बरण्या. तो नेहमीसारखाच बोलला, म्हणजे वऱ्हाडीत. सत्राध्यक्षांनी मध्येच थांबवलं. "भाषा जरा नीट ठेवता येईल का?"

"तुमाले समजून नाही राह्यलं का सर?"

"समजतंय. तो प्रश्न नाही."

"मंग कोनता हाय?"

सत्राध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि त्याची वेळ संपल्याचं जाहीर केलं.

चर्चासत्र उरकल्यावर त्याने तो फ्लेक्स मागून घेतला आणि गुंडाळून एसटीने गावी नेला. मी त्या दिवाळीच्या सुमारास त्याच्या शेतावर गेलो, तेव्हा कापून रचलेल्या सोयाबीनच्या गंजीवर तो अंथरला होता, चेहरा वर करून. अवकाळी पाऊस पडून गेला होता. वक्त्यांच्या कपाळावर पाणी साचलं होतं. गंजी आत कोरडी ठाक होती. त्याने हात घालून दाखवलं. "सर, विचारवंत वॉटरप्रूफ हाय," तो म्हणाला.

त्याचा पीएच.डी.चा प्रबंध याच विषयावर होता: कोणाचं बोलणं धरावं, आणि का. सात वर्षं त्याने त्यावर घालवली. ग्रंथ सगळे वाचले होते, संस्कृत पाठशाळेत जाऊन शिकला होता. पण ग्रंथांच्या जोडीला त्याने माणसंही घेतली होती. मेडशीच्या बाजूची, वेगवेगळ्या गोष्टींसाठी ज्यांना गाव विचारायला जातं अशी एक्केचाळीस माणसं. विहिरीला पाणी कुठे लागेल, ढोराला काय झालं, भांडणात कोण खरं बोलतंय. त्यांच्याशी बोलून त्याने त्यांना थेट तळटिपांत बसवलं, ग्रंथकारांच्या शेजारी. 'गिरजाबाई, मेडशी. बांधावर. तूर फुलावर असताना.' तारखेऐवजी पीक.

त्याच्या मार्गदर्शकांनी, जे विद्यापीठात विभागप्रमुख होते, पहिल्याच तळटिपेवर लाल शाई सांडली. "पान क्रमांक कुठे आहे?"

"बाई हाय ते, सर. तिले पानं नसतेत."

"प्रकाशक?"

त्याने जरा विचार केला. "तिचे मायबाप," तो म्हणाला.

दीड वर्ष त्या वाक्यात गेलं. शेवटी मार्गदर्शकांनी तडजोड काढली: माणसं राहू देत, पण त्यांची भाषा संशोधनाला शोभेल अशी हवी. तेव्हा तो एक्केचाळीस कागद घेऊन माझ्याकडे आला. ते मी नाकारायला हवे होते. पण मराठीच्या प्राध्यापकाला कोणी भाषा सुधारायला दिली की त्याची अवस्था बोकडासमोर पाला धरल्यासारखी होते. दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस बसून मी ते काम केलं. 'ढोर आपल्याले वयखते' असं एक गुराखी म्हणाला होता, त्याचं मी 'मूक पशूलाही आपल्या स्वामीची जाण असते' असं केलं. मला वाटत होतं मी त्या लोकांवर उपकार करतो आहे. त्याने विचारलं, "बरोबर हाय ना, सर?" मी म्हणालो, "तू काळजी करू नकोस." आयुष्यात तेवढ्या एका वेळी त्याने कोणाचं बोलणं न तपासता घेतलं.

खुली मौखिक परीक्षा लागली ऑक्टोबरात. आणि नेमकी त्याच महिन्यात आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या कायम जागेची जाहिरात निघाली. अकरा वर्षांत पहिली. अर्जाची मुदत मौखिकीनंतर आठ दिवसांनी संपत होती. पदवी हातात असली तर जागा त्याची, यात संस्थेलाही शंका नव्हती. नसली तर त्या जागेवर दुसरा कोणी बसणार आणि तो उठेपर्यंत याचं वय निघून जाणार. हे सगळं त्याला माहीत होतं. त्याच्या बायकोलाही माहीत होतं. तिने दारावरच्या पाटीसाठी लाकडाची फळी पाहून ठेवली होती.

खुल्या मौखिकीत खुलं काय असतं, तर दार. निकाल आधी झालेला असतो. जेवण सांगून झालं की पीएच.डी. झाली असं आमच्याकडे धरतात, कारण समितीचं जेवण उमेदवाराने द्यायची पद्धत आहे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रोडगे आणि वांग्याची भाजी खायची इच्छा फोनवरच कळवली होती. ज्यांचा आवाज ऐकला जात नाही अशांविषयी बोलून बोलून त्यांचा घसा बसलेला होता, हे मी ऐकून होतो. तो खरोखरच बसलेला निघाला.

आमच्या माणसाने एक गोष्ट केली जी आजवर कोणी केली नसेल. तळटिपांतल्या एक्केचाळीसही जणांना त्याने मौखिकीचं आवतण दिलं, लग्नाचं देतात तसं, घरी जाऊन. सोयाबीन काढणीचे दिवस, त्यामुळे सातच आले. काळीपिवळी जीपने आले आणि मागच्या रांगेत बसले. त्यांत गिरजाबाई होत्या, सत्तरीच्या, लुगड्यातल्या, शेजारी त्यांची नात. पेरणीआधी माती मुठीत दाबून वापसा आला की नाही, म्हणजे ओल पेरणीजोगी झाली की नाही, हे त्या सांगतात. सगळं शिवार त्यांना विचारतं.

त्याने पडद्यावर पानं दाखवत मांडणी केली. परीक्षकांनी तीन सोपे प्रश्न विचारले. मग समितीच्या अध्यक्षांनी ते वाक्य म्हटलं, जे म्हणायचंच असतं: "उपस्थितांपैकी कोणाला काही विचारायचं असल्यास." आणि कागद आवरायला घेतले.

"मले बोलाचं हाय," गिरजाबाई म्हणाल्या.

अध्यक्षांचे हात थांबले. "बोला, आजी."

"थे परद्यावर तेवीस नंबरचं लेहलं हाय, थे नातीनं मले वाचून दाखोलं. थे मी नाही बोलली."

पडद्यावर तेविसावी तळटीप होती. 'माती माझ्या मुठीत येऊन आपले मन मोकळे करते. म्हणूनच माझा हात कधी चुकत नाही.' ते वाक्य माझं होतं. सबंध कामात मला सर्वांत आवडलेलं.

"माती माह्याशी काई बोलत नाही," बाई म्हणाल्या. "आन् माहा हात चुकते. पाच सालामागं म्या वापसा आला म्हून सांगतलं, आन् आला नव्हता. नामदेवचं बी सडलं. मंग त्याच्या घरी जाऊन सांगतलं म्या, का बापा, माही चूक झाली. दुसऱ्या साली पयले तोच आला इचाराले. जो मानूस चुकलो म्हनत नाही त्याले कोन इचारते?"

त्याने सात वर्षं खपून जे मांडायला घेतलं होतं, ते बाईंनी पाऊण मिनिटात सांगितलं. पूर्वी एकदा बांधावरही सांगितलं होतं. मूळ कागदावर ते होतं. मी ते खोडलं होतं, कारण प्रबंधात आपली चूक सांगणारं माणूस बरं दिसत नाही असं मला वाटलं.

परीक्षकांनी घसा साफ केला. "आजींच्या भावना पोहोचल्या. पण हा आक्षेप विषयातल्या तज्ज्ञाचा नाही. तेव्हा तो नोंदवायचं कारण नाही. समिती एकमताने..."

"थांबा सर," तो म्हणाला. "बाईचं म्हननं नोंदवा."

मार्गदर्शकांनी डोळे मिटले.

"अहो, तुमच्याच सोयीसाठी सांगतोय," परीक्षक म्हणाले. "नोंदवलं तर प्रबंध दुरुस्तीला जाईल. सहा महिने, वर्ष. नाही नोंदवलं तर तुम्ही आत्ता डॉक्टर."

"म्हंजे बाईचं बोलनं धरलं नाही, तं मी डॉक्टर."

"तांत्रिकदृष्ट्या, हो."

"सर, तीनशे पानं मी हेच लेहलं, का हिचं बोलनं धरा. आता तीनशे एकाव्या पानावर धरू नका म्हनू?"

"तुम्ही फार ताणता."

"सात वर्सं झाले तानून राह्यलो. आता सोडलं तं मलेच लागन."

समितीची पंचाईत बघण्यासारखी होती. बाईंचं खरं मानावं, तर प्रबंध चुकलेला पण त्याचा सिद्धांत बरोबर. मानू नये, तर प्रबंध पास आणि सिद्धांत खोटा. तत्त्वज्ञानाच्या विभागात असा पेच क्वचितच जेवणाच्या वेळेला येतो. शेवटी परीक्षकांनी चिडून विचारलं, "मग हे वाक्य आलं कुठून?"

तो मागे वळला नाही. "प्रबंध माहा हाय सर. चूक माही."

मी दुसऱ्या रांगेत होतो. वर पंखा होता. त्याला तीन पाती होती. त्या वेळी मी ती नीट मोजली.

जेवण मात्र झालं. सांगितलेलं जेवण वाया घालवायची पद्धत नाही. परीक्षकांनी चार रोडगे खाल्ले आणि भाजीची चौकशी केली. मेडशीची मंडळीही त्याच पंगतीत बसली, त्याने हट्टाने बसवली. गिरजाबाईंनी विचारलं, "माह्यानं तुमचं नुसकान झालं का, बापू?" तो म्हणाला, "तुमी पेपर तपासला, बाई. मार्क कमी पडले तं तपासनाऱ्याचं काय चुकते?" आणि त्यांच्या ताटात तूप वाढलं.

जागा भरली गेली. त्याच मार्गदर्शकांचा दुसरा विद्यार्थी आला, चांगला मुलगा, ज्ञानाच्या क्षेत्रातल्या अन्यायावर प्रबंध असलेला. त्याला वेगळी खोली मिळाली आणि पितळी पाटी. आमचा माणूस व्हॉलीबॉलच्या जाळ्यांतच राहिला. दोघांची मैत्री झाली, याचं मला उगाच वाईट वाटलं. स्टाफरूममध्ये मत असं पडलं की त्याला व्यवहार कळत नाही. त्याच्या बायकोने ती फळी चहाच्या पातेल्याखाली ठेवायला घेतली. मला तिच्या घरी जायचं धैर्य बरेच दिवस झालं नाही.

डिसेंबरात तो स्वतःच आला. "सर, दुरुस्ती कराची हाय. चाला मेडशीले."

एसटीत तो तासभर बोलत होता. कंडक्टर प्रवाशाला विचारतो कुठून बसले, आणि प्रवासी सांगतो ते धरून तिकीट फाडतो, म्हणजे अख्खं महामंडळ शब्दप्रमाणावर चालतं, असा त्याचा नवा शोध होता.  

गिरजाबाई शेतात होत्या. तूर शेंगांवर आलेली. त्यांनी आम्हाला बांधावर बसवलं, पाणी दिलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "हे कोन?"

"हे आमचे मराठीचे सर," तो म्हणाला. "थे तेवीस नंबरचं यायनं लेहलं होतं." एखाद्याची सोयरीक सांगावी तितक्या सहज त्याने ते सांगितलं, आणि शेंगा तोडायला उठून गेला.

बाईंनी मला नीट पाहून घेतलं. रागावल्या नव्हत्या. "माहं बोलनं बिघडेल होतं का, सर?"

"नाही."

"मंग?"

माझी पीएच.डी. भाषेतलीच आहे. ती मी त्या 'मंग'पुढे बाजूला ठेवली. मी वही उघडली. "तुम्ही सांगा, मी लिहून घेतो," म्हणालो.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. वापसा, नामदेव, सडलेलं बी. मी लिहिलं. त्या म्हणाल्या, "वाचा." मी वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला.

"थे नाही. पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. "'मंग त्याच्या घरी जाऊन सांगतलं म्या, का बापा, चूक झाली.'"

"'चूक झाली' म्हनून कोन गेलं होतं त्याच्या घरी? पाऊस गेला होता का?" बाई म्हणाल्या. "'माही' लेहा."

मी लिहिलं.

"वाचा आता. मोठ्यानं वाचा, मले कमी आयकू येते."

तो तुरीच्या दोन ओळींपलीकडे उभा होता, पाठ आमच्याकडे, ओंजळीत शेंगा. तोडायचा थांबला होता.

"माही चूक झाली," मी वाचलं.

"हं," गिरजाबाई म्हणाल्या. "फुडं लेहा."